हसून आलात ना?

बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी आज अवरेकाईची पहिली हातगाडी लागली. बाराव्या मजल्यापर्यंत तिचा वास येणं शक्य नाही, हे मलाही कळतं. तरी सकाळी खिडकी उघडली आणि तो आलाच. कच्चा, हिरवट, जरा तेलकट, बोटांना लागला की साबणालाही दाद न देणारा. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगायचं तर अवरेकाई म्हणजे पावटा. पण पावटा म्हटलं की त्यात बंगळूरची थंडी येत नाही. इथे डिसेंबरात धुकं उतरलं की शेंगांवर तेल चढतं, आणि मग संक्रांत उलटेपर्यंत सगळं शहर तेच खातं. उप्पीटात अवरेकाई, सारात अवरेकाई, भातात अवरेकाई. भिजवलेले दाणे दोन बोटांत दाबून सालातून सोडवत बायका दारादारात बसलेल्या असतात.

आमच्या घरात मात्र ती येत नाही. अण्णा गेले त्या हिवाळ्यापासून नाही.

लिफ्टमध्ये शेजारची केतकी भेटली. मूळची नागपूरची, इथे रिंग रोडवरच्या कुठल्याशा कंपनीत आहे. हातात शेंगांनी भरलेली पिशवी. "काकू, व्हिडिओ बघून ट्राय केलं, पण सालं निघतच नाहीयेत. तुम्ही तर इथल्याच ना, शिकवा ना मला. मी तुमच्याकडेच घेऊन येते."

"शिकवीन," मी म्हटलं, "पण तुझ्या घरी. आमच्याकडे नको आणूस."

तिला वाटलं असणार, काहीतरी सोवळंओवळं असेल. आमच्यासारख्या, पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरांबद्दल नव्याने आलेल्या मंडळींना काहीही वाटू शकतं. मीही खुलासा केला नाही. लिफ्टमध्ये काय सांगणार?

माझे वडील मरण्याचं काम करायचे. म्हणजे सिनेमात. आणि त्याआधी ते हसवण्याचं काम करायचे, गावोगाव फिरणाऱ्या एका कन्नड नाटक कंपनीत. घरी मराठी, रंगमंचावर कन्नड, यात आमच्याकडे कुणालाच कधी काही विशेष वाटलं नाही. कंपनी जत्रेच्या गावी पत्र्याचं थिएटर ठोकायची आणि महिना महिना तिथेच मुक्काम. नाटकातला राजवाडा उतरवून जंगल उभं करायचं तर पडदा पाडावा लागतो, आणि पडदा पडला की प्रेक्षक उठून चहाला जातो. त्याला बाकावर धरून ठेवायला एक माणूस पडद्यापुढे लागतो. तो माणूस म्हणजे अण्णा. नाटकाच्या जाहिरातीत त्यांचं नाव कधी नसायचं, पण बैलगाड्या जोडून लोक यायचे ते त्यांच्यासाठी, असं आई सांगते. आई सांगते तेव्हा त्यातलं थोडं कमी करून घ्यावं लागतं, पण थोडंच.

त्यांची गाजलेली नक्कल म्हणजे 'मेलेला'. चौघे जण तिरडी घेऊन यायचे, पडद्यापुढे ठेवायचे आणि रडायला लागायचे. "काय माणूस होता! आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नाही!" की मेलेला एक डोळा उघडायचा, हळूच उठून बसायचा आणि इकडेतिकडे बघायचा, ही मंडळी नेमकी कुणाबद्दल बोलताहेत, तिरडी चुकली तर नाही ना. मग खात्री पटल्यासारखा परत आडवा व्हायचा. कुणी तरी म्हणायचं, कॉफी आली. मेलेल्याचा हात वर. "मला स्वल्प साखर जास्त."

पडद्यामागे जंगल तयार झालं की आतून काठीचे ठोके यायचे. ते ऐकले की अण्णांनी कायमचं मरायचं आणि तिरडीवरून आत जायचं. ठोके आले नाहीत तर पुन्हा उठायचं. एका गावी जंगलातलं मोठं झाडच मोडलं, आणि ते उभं होईपर्यंत अण्णा मरत आणि उठत राहिले, प्रत्येक वेळी काहीतरी नवं करून. त्या मुक्कामाहून घरी आले तेव्हा आईने विचारलं, कसं झालं? तर म्हणाले, "लोक फार हसले. पण फार वेळा उठावं लागलं गं. दमलो." हा किस्सा आईने मला इतक्यांदा सांगितलाय की तो मी पाहिलाय असंच मला वाटतं.

कंपन्या बुडाल्या, पत्रे विकले गेले. अण्णा गांधीनगरच्या गल्ल्यांत सिनेमावाल्यांच्या पायऱ्या चढू लागले. एका दिग्दर्शकाने लहानपणी त्यांचा 'मेलेला' पाहिला होता. त्याने त्यांना नायिकेचा बाप दिला, दुसऱ्याच रिळात मरणारा. थिएटरात बायका डोळ्यांना पदर लावून रडल्या. झालं. त्यानंतर अण्णा मरतच राहिले. खोकून मेले, अपमान सहन न होऊन मेले, मुलीच्या लग्नाच्या मांडवात छातीवर हात ठेवून मेले. लांब, पडका चेहरा आणि खोल गेलेले डोळे. हा माणूस जगेल असं कुठल्याच दिग्दर्शकाला वाटेना. "मध्यंतरानंतरचा सिनेमा कसा असतो, कुणीतरी मला सांगा रे," असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो. पण एकदा चिकपेटच्या गर्दीतून माझ्यासोबत चालताना ते सहज बोलल्यासारखं बोलून गेले, "एकदा तरी पडद्यावर मला बघून लोकांनी हसायला पाहिजे होतं." त्या बोलण्यातला भूतकाळ मला तेव्हाच लागला.

आता तो रिवाज सांगायला हवा, ज्याच्यामुळे हे सगळं.

सिनेमात कुणी मेल्याचं चित्रण झालं की त्या नटाला तसाच उठवून घरी पाठवत नाहीत. अपशकुन मानतात. कोहळा ओवाळून फोडतात, आणि कॅमेरा पुन्हा सुरू करून त्याला त्याच्यापुढे हसायला लावतात. तिरडीवरून उठायचं आणि हसायचं. मेला होता तो खोटा, हा बघा खरा. ते हसणं सिनेमात कुठेच येत नाही, कापून टाकतात. पण घेतल्याशिवाय दिवस संपत नाही. फिल्म महाग होती त्या काळात, एकेका फुटासाठी जीव टाकणारे निर्मातेसुद्धा त्या हसण्याला कधी नाही म्हणाले नाहीत. म्हणजे बघा, पोटभर हसवणाऱ्या माझ्या वडिलांचं सिनेमातलं सगळं हसणं कात्रीखाली गेलं.

आईने हा रिवाज सिनेमावाल्यांपेक्षा जास्त मनावर घेतला. तिने अण्णांचा एकही सिनेमा पाहिला नाही. कुंकू लावलेल्या बाईने नवऱ्याला मरताना कशाला बघायचं, असं तिचं म्हणणं, आणि त्याच्यावर कुणाला काही बोलता यायचं नाही. पण मरणाचं काम असलं की त्या संध्याकाळी ती हळदकुंकवाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याच्या आत उभी. अण्णा बाहेर. तोंडावर रंगाचे ओघळ, कपाळाला अजून मेलेल्याचा तो गंधाचा टिळा.

"हसून आलात ना?"

"आलो."

"नीट?"

"अगं, दात मोजून घेतले त्यांनी."

मग पाणी ओवाळून बाहेर टाकायचं आणि मग अण्णांनी आत यायचं. मी कॉलेजात असताना मला या सगळ्याची लाज वाटायची. गल्लीतले लोक बघायचे. पुढे कधीतरी लाज गेली, आणि ते दोन शब्द, "ना" आणि "आलो", एकदा बोलून झाले की घरात दिवा लागल्यासारखं वाटू लागलं.

त्या शेवटच्या वर्षी पावसाळ्यात अण्णांचं तोंड वाकडं झालं. सकाळी उठले, चूळ भरली आणि पाणी डाव्या बाजूने गळून गेलं, डावा पायही उचलेना. औषधं झाली, मसाज झाले, पाय सुधारला. चेहऱ्याची डावी बाजू तशीच लोंबत राहिली. डॉक्टरांनी हृदयाचंही सांगितलं, माझ्याजवळ, वेगळं घेऊन. घरात आरशाबद्दल कुणी बोलायचं नाही. दाढी आई करून द्यायची. ते बोलायचे, जेवायचे, पेपर वाचायचे. हसायचे मात्र नाहीत. कुणी काही गमतीचं बोललं की नाकातून श्वास सोडायचे, आणि आम्हीही तेवढ्यावर भागवायचो. आयुष्यभर ज्या चेहऱ्याची मजुरी खाल्ली तो असा बसलाय, हे त्यांना किती लागलं असेल याचा विचार मी तेव्हा टाळला. आता टाळता येत नाही.

अवरेकाईच्या दिवसांत फोन आला. आनेकलच्या बाजूला एका खेड्यात चित्रीकरण होतं. काम प्रेताचं, संवाद नाही, हालचाल नाही. वाकडं तोंड असलेल्या नटाला दुसरं देणार काय? मी म्हटलं, नको. आई म्हणाली, नको. अण्णांनी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

मला सुट्टी नव्हती. पहाटेच्या धुक्यात सिनेमावाल्यांची गाडी त्यांना घेऊन गेली. दिवसभर माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आई तांब्या घेऊन उभी होतीच. गाडी आली. अण्णा उतरले, एका हातात पिशवी. ज्याच्या शेतात तिरडी ठेवली होती त्या शेतकऱ्याने अवरेकाई भरून दिली होती. धुक्यातली, ताजी, वास असा की अख्खी गल्ली भरली.

"हसून आलात ना?"

अण्णांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

"अहो, विचारते आहे. हसून आलात ना?"

ते तिच्याकडे बघत राहिले. थंडीने की कशाने, अंग थरथरत होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने पाणी ओवाळून टाकलं. "या, आधी आत या. सरी, राहू दे, नंतर सांगा." त्यांनी नंतरही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा विचारलं, तर भिंतीकडे कूस वळवली.

पिशवी कुणी उघडली नाही. शेंगा काळ्या पडल्या, वास बदलला. बाजारात अजून अवरेकाई होती तोवरच अण्णा गेले. दुपारी, खुर्चीत, हातात पेपर. आवाज नाही की छातीवर हात नाही. इतकी वर्षं इतक्या तऱ्हांनी मेलेल्या माणसाने खरं मरताना काहीही केलं नाही.

डॉक्टरांचा कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर हृदयाचं लिहिलंय, आणि ते मी आईला अनेकदा वाचून दाखवलं. तिने दरवेळी ऐकून घेतलं. मग म्हणायची, "ते हसले नाहीत त्या दिवशी. आणि मी उंबरा ओलांडू दिला." येणाऱ्याजाणाऱ्यांना पहिला अर्धा भाग सांगायची, दुसरा फक्त मला. अण्णांवर ती रागावली, जिवंत माणसावर रागवावं तशी. श्राद्धाच्या पानावर सगळं वाढायची आणि पुटपुटायची, "एवढं काय अवघड होतं?" मला तिचा संताप यायचा. कधी कधी वाटायचं, हा राग गेला तर हिच्याजवळ काय उरेल, आणि मग मी गप्प बसायचे. पण तो प्रश्न माझ्याही मागे लागलाच. हसले होते का? नसतील तर का नाही? असतील तर सांगितलं का नाही?

चिकपेटच्या मागचं घर आम्ही सोडलं, इथे उंचावर येऊन राहिलो. या घराला उंबराच नाही, नुसती एक काळ्या दगडाची पट्टी आहे. खाली तळं, तळ्यावर फेस, पलीकडे गाड्यांची न हलणारी रांग. आई खिडकीपाशी बसते. ऐंशी उलटलेली, कान ठीक, डोळे जेमतेम. अवरेकाईचे दिवस आले की ती बोलेनाशी होते. तिलाही वास येत असणार.

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर येणार नसल्याची सूचना आली. त्याखाली नेहमीचं रडगाणं. आणि त्याखाली केतकीने एक हलतं चित्र टाकलं, संपलं की आपोआप पुन्हा सुरू होणारं.

तिरडी. झेंडूचे हार. नाकात कापूस घातलेला एक म्हातारा. तो एक डोळा उघडतो. हळूच उठून बसतो, इकडेतिकडे बघतो आणि हसतो. तोंडाची उजवी बाजू वर जाते, डावी जागची हलत नाही. मग तो बाजूला कुठेतरी बघतो, आणि ते अर्धं हसूही विझतं. पुन्हा आडवा. पुन्हा डोळा उघडतो.

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. 'सेम मूड.' 'मंडे मॉर्निंग.' 'लोल.'

मी तशीच केतकीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिच्या हाताला शेंगांचा वास होता. "हे कुठून आणलंस?"

"काकू, हे तर खूप जुनं आहे. सगळेच पाठवतात. कुठल्या तरी पिक्चरच्या मेकिंगमधलं आहे म्हणे. का, काय झालं?"

"माझे वडील आहेत ते."

तिचा चेहरा उतरला. "आय ॲम सो सॉरी, काकू. मला खरंच माहीत नव्हतं. मी आत्ता डिलीट करते."

"तुझ्याकडचं करशील. बाकीच्यांचं?"

ती रडकुंडीला आली. मग चाचरत म्हणाली, "काकू, वाईट अर्थाने नाही हसत हो कोणी. ऑफिसमध्ये माझा फार वाईट दिवस असला ना, तर मी हे बघते. ते असे उठतात ना, ते बघून बरं वाटतं." माझ्या तोंडावर आलेलं जहाल उत्तर मी गिळलं. पडद्यावर बघून लोकांनी हसावं, हे ज्याचं मागणं होतं त्याला ते मिळालं होतं. नावाशिवाय, मेल्यावर, टँकरच्या तक्रारीखाली. याचं चांगलं वाटून घ्यायचं की वाईट, मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

घरी येऊन मी ते परत परत पाहिलं. अण्णा शेवटी बाजूला बघतात ना, तिथे मॉनिटर असतो. आत्ता घेतलेलं चित्र त्या छोट्या पडद्यावर लगेच दिसतं. त्या दिवशी, आजारपणानंतर पहिल्यांदाच, त्यांनी आपलं हसू पाहिलं. लोकांना सगळ्यांत जास्त हसू येतं ते नेमकं त्या बघण्याचं. "आलो" हा शब्द त्यांच्या तोंडून का निघाला नाही, ते मला कळलं. तेवढं ते म्हणालेही असते, पण आईने पुढे विचारलं असतं, "नीट?"

दाखवावं की नाही, यावर मी चहा गार होईपर्यंत बसले. तिने इतकी वर्षं एक चुकीची गोष्ट उराशी धरून काढली होती. तिला खरं कळायला नको? आणि खरं हे असं, वाकडं, सगळ्या जगाने हसून झालेलं. शेवटी मी तिचा चष्मा पुसला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, अण्णा आहेत. त्या आनेकलच्या दिवसाचं."

"मी त्यांचं मेलेलं बघत नाही, माहीत आहे ना तुला."

"मेलेलं नाही. त्याच्या नंतरचं."

तिने चष्मा चढवला. "स्वल्प जवळ धर."

मी फोन तिच्या डोळ्यांपाशी धरला. अण्णांनी डोळा उघडला. उठून बसले. हसले. आईचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. अण्णा आडवे झाले, पुन्हा उठले, पुन्हा हसले. खाली कुठेतरी हातगाडीवाला ओरडत होता.

"हसले होते की गं," ती म्हणाली.

"हो, आई."

"जेवढं येत होतं तेवढं हसले."

"हो."

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"मग का गेले?"

माझ्याजवळ कपाटातला कागद होता. तो आणायला मी उठले नाही. फोन तसाच हातात होता आणि अण्णा उठत होते, हसत होते, बाजूला बघत होते, आडवे होत होते, परत उठत होते. आईने पदराने काच पुसल्यासारखं केलं, त्यांच्या तोंडाच्या डाव्या बाजूवरून बोट फिरवलं, आणि फोन माझ्याकडे सारला.

"बंद कर ते. किती वेळा उठवशील त्यांना? दमले असतील."